सतरावं कलम

संस्थेत अध्यक्षांपासून टेम्पोवाल्यापर्यंत सगळे तिला वहिनी म्हणत. त्यांच्यापैकी एकही तिचा दीर नव्हता. हे नाव तिनं मागितलंही नव्हतं. तिच्या नणंदेनं संस्थेत पहिलं पाऊल टाकलं, दारातूनच मोठ्यानं "वहिनीऽ" अशी हाक मारली, आणि आठवड्याभरात सात वर्षं चालत आलेलं 'मॅडम' जाऊन त्याच्या जागी 'वहिनी' आलं. दुसरी एखादी हसली असती. हिला राग आला. नावसुद्धा आपलं उरलं नाही, तेही हिनं दिलेलं वापरायचं, असं तिच्या मनानं घेतलं. आणि एखादी गोष्ट वहिनीच्या मनानं घेतली की ती चिमट्यानंही निघत नसे.

नणंदेला सगळे चिमणी म्हणत. लहानपणी शोभलं असेल. आता ती उंचीनं दाराच्या चौकटीला टेकायला आली होती.

संस्थेचं काम साधं होतं. आजारी माणसाला लागणारं सामान ती फुकट वापरायला द्यायची. पाठ वर करता येणाऱ्या लोखंडी खाटा, चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या, हवेच्या गाद्या. पुढे दोन खोल्या, मागे पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये दिवसभर चाकांना ग्रीस लावत बसलेला एक बहिरा मेकॅनिक. गरज संपली की सामान परत यायचं. गरज दोनच तऱ्हांनी संपते, माणूस उठून चालायला लागतं किंवा कायमचं जातं. दोन्ही वेळा संस्थेचा टेम्पो दारात जायचा. सगळा गाडा देणग्यांवर चालायचा, आणि देणग्यांची पत्रं, पावत्या, याद्या, आभार हे सगळं वहिनीच्या टेबलावर. तिचं अक्षर असं की पावती फाडून द्यायला जीव होऊ नये. पण अक्षर बघून कुणी देणगी देत नाही.

चिमणी संसार मोडून परत आली तेव्हा घरी नुसती खिडकीशी बसून असायची. वहिनीनंच तिला संस्थेत आणलं. "घरात बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा टेम्पोबरोबर जात जा, सामान मोजून आणायचं एवढंच काम," असं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. यालाच आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात. वर्षभरात अशी वेळ आली की लोक काउंटरवर यायचे, वहिनीच्या नीटनेटक्या टेबलाकडे बघायचे आणि विचारायचे, "त्या उंच ताई नाहीत का?" उंच ताई उशिरा यायच्या. उंच ताई देणगीदाराचा पत्ता बसच्या तिकिटामागे लिहायच्या, तिकीट नसलं तर तळहातावर. मग हात धुतले की पत्ता गेला. तरी लोक तिलाच शोधत यायचे. आयत्या बिळावर नागोबा, वहिनी मनात म्हणायची. रोज म्हणायची.

तिचं पोट दुखत होतं, आणि ते तिला ठाऊक होतं, ही वहिनीची मोठी अडचण होती. काही माणसांना हेवा वाटतो आणि ती त्याला न्यायाची चाड म्हणतात. वहिनीला ती सोय नव्हती. भाजी चिरता चिरता ती स्वतःशी स्वच्छ म्हणायची, 'जळतेय मी,' आणि पुढची भाजी घ्यायची.

अशात एका मोठ्या कारखान्याच्या मदतनिधीकडून पत्र आलं. नव्या खाटा, नवी शेड, नवा टेम्पो, सगळं द्यायला ते तयार होते. अट एकच. देणग्या कशा मागायच्या, कुणाकडून घ्यायच्या, कुणाकडून नाही, नोंद कशी ठेवायची, याची लेखी धोरणं आणि कार्यपद्धती संस्थेकडे हवी. शिवाय या सगळ्याला जबाबदार असा एक निधी अधिकारी हवा, पगारी. दोन महिन्यांची मुदत होती.

अध्यक्ष म्हणजे निवृत्त डॉक्टर. त्यांनी पत्र वहिनीपुढे ठेवलं. "हे तुमच्याशिवाय कुणाला जमणार? लिहा. समितीनं नियमावली मंजूर केली की त्याच बैठकीत अधिकारीही नेमू."

वहिनी त्या दिवशी बसनं न जाता घरी चालत गेली. निधी अधिकारी! दारावर पाटी, कुलपाचा ड्रॉवर आणि काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला आधी आपल्याला विचारावं लागणार. रस्ताभर ती मनातले मांडे खात होती आणि प्रत्येक मांड्यात चिमणी कुठेतरी मागे, टेम्पोत, खाटेचे स्क्रू मोजत बसलेली होती.

दुसऱ्या दिवसापासून तिनं लिहायला घेतलं. दुपारी काउंटर बंद असायचा तेवढा दीड तास. नियम लिहिताना लेखकाच्या डोळ्यांसमोर सगळं जग असावं म्हणतात. वहिनीच्या डोळ्यांसमोर एकच बाई होती. कलम चार: देणगीदाराचा तपशील त्याच दिवशी ठरलेल्या नमुन्यात नोंदवावा, सुट्या कागदावर, तिकिटावर अथवा शरीराच्या कोणत्याही भागावर नोंदवू नये. कलम नऊ: देणगीदाराकडून वैयक्तिक भेटवस्तू स्वीकारू नये. (एका आजींनी चिमणीला स्वतः विणलेला स्वेटर दिला होता. वहिनीला आजवर कुणी सुई दिली नव्हती.) कलम बारा: कोणत्याही देणगीदाराचा संबंध संस्थेतल्या एकाच व्यक्तीशी राहू नये. कलम एकोणीस: निधी अधिकाऱ्यास देणगीविषयक लेखी कामाचा किमान दहा वर्षांचा अनुभव असावा. हा सदरा तिनं स्वतःचं माप घेऊनच शिवला होता.

आणि गंमत बघा, नियम उत्तम उतरत होते. द्वेषानं का होईना, बाईनं संस्थेतलं एकेक भोक शोधून बुजवलं होतं. प्रेमानं लिहिलं असतं तर निम्मी भोकं तिला दिसलीच नसती.

सतरावं कलम तिनं मुद्दाम शेवटी लिहायला ठेवलं होतं. तो तिचा हुकमी पत्ता होता. चिमणी माणूस गेलेल्या घरांतून खाट आणायला जाते आणि महिन्या-दीड महिन्यानं त्याच घरची माणसं काउंटरवर येऊन उभी राहतात, हे वहिनीनं याद्या लावून ताडून पाहिलं होतं. म्हणजे ही सुतकी चेहऱ्याच्या माणसांपुढे पदर पसरते. रडणाऱ्या माणसाकडून देणगी काढते. यापेक्षा वाईट ते काय? ते कलम लिहून झालं की समितीत आपोआप प्रश्न निघेल, आणि चिमणीचा निकाल लागेल.

पण डॉक्टरांनी मसुदा चाळून सतराव्यापाशी बोट ठेवलं. "आज काय चालतं ते आधी लिहा, मग काय चालू नये ते. तुम्ही बघितलंय?"

"बघायचं काय त्यात? दिसतंच आहे."

"न तपासता औषध लिहून देणारे डॉक्टर मी पाहिलेत," डॉक्टर म्हणाले. "त्यांचे पेशंटही पाहिलेत. जाऊन या एकदा तिच्याबरोबर."

तर वहिनी टेम्पोत बसली. पर्समध्ये छोटी वही आणि टोक केलेली पेन्सिल.

घर एका म्हाताऱ्या शिंप्याचं होतं. बायको जाऊन बारा दिवस झाले होते. पुढच्याच खोलीत एका भिंतीला शिवणाचं मशीन आणि दुसऱ्या भिंतीला संस्थेची खाट, मधून माणूस आडवा होऊन जाईल एवढीच जागा. टेम्पोवाला खाट सोडवायला लागला. चिमणी मशीनपुढच्या स्टुलावर बसली आणि गप्प राहिली. वहिनीला वाटलं, आता सुरू करेल. चिमणीनं काही सुरू केलं नाही. शिंपी बाहीवरचे दोरे वेचत होता. भिंतीवरच्या घड्याळात अकरा मिनिटं गेली. वहिनीनं वहीत लिहिलं, 'अकरा मिनिटे काही नाही.'

मग चिमणीनं विचारलं, "काका, रात्री कोण उठायचं?"

शिंपी थांबला. "मीच," तो म्हणाला. "दोनदा. कधी तीनदा. पाठीखाली हात घालून कूस बदलायची. आयुष्यभर सुई धरली, बाई, माझा हात कधी हलला नाही. पण हिला उचलताना हलायचा. तिला कळायचं. म्हणायची, थंडी आहे का हो?" आणि तो बोलतच सुटला. अर्धा तास. टेम्पोवाला खाट बाहेर नेऊन विडी ओढून आला तरी तो बोलत होता. शेवटी उठला, कपाटातून एक पाकीट काढलं आणि चिमणीपुढे धरलं.

सापडली! तिनं पेन्सिल घट्ट धरली.

चिमणीनं त्याची बोटं पाकिटावर मिटवली. "आज नको, काका. आज तुम्ही घर मागितलं तरी देऊन टाकाल. महिना जाऊ दे. मग वाटलं तर या. नाही वाटलं तर नका येऊ. खाट तशीही पुढच्या घरी जाणारच आहे."

परतताना टेम्पोत वहिनी म्हणाली, "हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. पहिल्या वर्षी एका बाईंनी पैसे दिले ते मी तिथल्या तिथे घेतले होते. तिसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा आला. आईनं भाड्याचे देऊन टाकलेत म्हणाला. बिचारा मान वर करत नव्हता. परत दिले. तेव्हापासून घेत नाही."

"मग सांगितलं नाहीस कधी?"

"कुणी विचारलंच नाही, वहिनी."

चिमणी तिथे हात पसरताना सापडली असती तर वहिनी त्या दिवशी सुखानं जेवली असती. हेवा करणाऱ्याला समोरच्याचं पाप हवं असतं. पुण्य हाती लागलं की त्याचं पोट आणखी बिघडतं. तिनं रचून ठेवलेला नियम, तिचा सगळ्यात चांगला नियम, ही बाई कागदाशिवाय पाच वर्षं पाळत होती. आणि वहिनीला निदान तो नियम सुचल्याचा अभिमान होता. आता तोही गेला.

मग वहिनीनं काय केलं? लिहिलं. सगळं लिहिलं. शोकाकुल कुटुंबाकडून साहित्य परत घेताना देणगी मागू नये, दिल्यास स्वीकारू नये. तीस दिवसांनंतर, व कुटुंबानं स्वतःहून संपर्क साधल्यासच स्वीकारावी. भेटीच्या वेळी घाई करू नये. रुग्णाची शुश्रूषा कोणी केली, हे आस्थेनं विचारावं. भाषा तिची, अक्षर तिचं. बाकी सगळं त्या स्टुलावरचं.

समितीत पाच माणसं होती. चिमणी दाराजवळच्या खुर्चीवर, टेम्पोची किल्ली हातात घेऊन बसली होती, कारण तिला लगेच निघायचं होतं. निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी सतरावं कलम मोठ्यानं वाचलं. वाचून चष्मा काढला. "इतक्या वर्षांत असं काही मी वाचलं नाही," त्या म्हणाल्या. "हे कुणाला सुचलं हो?"

एक क्षण होता. वहिनी "आम्हाला" म्हणू शकली असती. तेवढ्यानंही भागलं असतं.

"मला," वहिनी म्हणाली.

चिमणीनं तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या किल्लीकडे पाहिलं. नियमावली एकमतानं मंजूर झाली आणि कलम एकोणीसप्रमाणे दहा वर्षं भरणारी एकच व्यक्ती संस्थेत होती. "अभिनंदन, वहिनी," चिमणी जाताना म्हणाली. फार नीट म्हणाली. तिला कळलं की नाही कळलं, हे त्या आवाजावरून ठरेना, आणि तो किडा त्या दिवसापासून वहिनीच्या डोक्यात वळवळत राहिला.

पाटी लागली. ड्रॉवरला कुलूप आलं. कलम बाराप्रमाणे निम्म्या घरी आता निधी अधिकारी स्वतः जाऊ लागल्या. वहिनीनं पद्धत तंतोतंत पाळली. अकरा मिनिटं गप्प बसायची, मनगटावरचं घड्याळ बघून. एका घरच्या सुनेनं शेवटी विचारलं, "अजून काही सही हवीय का?" दुसऱ्या घरी तिनं विचारलं, "रात्री कोण उठायचं?" तर मुलगा दचकला. "का हो? कुणी तक्रार केलीय का?" तिसरीकडे उत्तर आलं, "बाई ठेवली होती," आणि विषय तिथेच मिटला. महिना उलटला, दोन उलटले. त्या घरांतून कुणी आलं नाही. म्हातारा शिंपी मात्र आला होता, त्या भेटीनंतर तेहतिसाव्या दिवशी. "उंच ताई?" त्यानं विचारलं. वहिनी म्हणाली, "मी निधी अधिकारी आहे. माझ्याकडे द्या." तो म्हणाला, "थांबतो की." आणि चिमणी येईपर्यंत पाऊण तास बाकावर बसून राहिला.

घरीही तीच तऱ्हा. वहिनीची सासू, म्हणजे चिमणीची आई, चौदा महिने अंथरुणाला खिळून होती, संस्थेच्याच खाटेवर, वहिनीच्या घरात. भरवणं, पुसणं, कूस बदलणं सगळं वहिनी करायची. चिमणी आता दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या खोलीत राहायची आणि रविवारी तासभर यायची. त्या तासात म्हातारीचा चेहरा उजळायचा. चिमणीनं पाणी सांडलं तर "दमली असेल पोर," आणि वहिनीनं सांडलं तर "लक्ष कुठे असतं हिचं!" आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. वहिनी सासूचे पाय चोळता चोळता नणंदेवर जळायची. दोन्ही कामं ती मन लावून करत होती.

एका सकाळी म्हातारी गेली. आठव्या दिवशी खाट न्यायला टेम्पो आला आणि टेम्पोबरोबर चिमणी. वहिनीचा नवरा टेम्पोवाल्याला मदत करायला खाली गेला. खोलीत दोघीच राहिल्या.

चिमणी खाटेशेजारी जमिनीवर बसली. वहिनीनं अंग आवळून धरलं. आता ही अकरा मिनिटं गप्प बसणार. मग तो प्रश्न विचारणार. मला ठाऊक आहे, मीच लिहिलंय. माझ्यापुढे चालायचं नाही. विचारू दे, मी म्हणेन, तुला माहीत नाही का कोण उठायचं?

पण चिमणीनं ते विचारलंच नाही. तिनं उशाची छोटी उशी उचलली आणि उलटीसुलटी करून पाहिली. "ही तुम्ही शिवलीत ना?" ती म्हणाली. "शिवण आतून घेतलीय. आईच्या कानाला शिवण टोचायची."

एवढंच. आणि वहिनीचा बांध फुटला. ती हुंदके देऊन रडली. चौदा महिने, म्हणाली, चौदा महिने, आणि एकदा, एकदासुद्धा बरं वाटतंय असं म्हणाल्या नाहीत मला. तू यायचीस तेव्हा मी भिंतीला पाठ लावून उभी असायची. तिच्या तोंडून काय काय निघालं, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. आई चिमणीची गेली होती आणि रडत होती वहिनी. रडता रडता, अगदी त्या रडण्याच्या मधोमध, तिला पुन्हा हेवा वाटला. हेही हिलाच जमावं!

नाक पुसून ती म्हणाली, "सतरावं कलम तुझं आहे."

"हो," चिमणी म्हणाली.

"मला वाटलं, तुला कळलं नाही."

"वहिनी, मी पत्ते विसरते. मूर्ख नाही. तुम्ही 'मला' म्हणालात तेव्हा वाटलं होतं, ती किल्ली फेकून मारावी. अजूनही वाटतं कधीकधी."

वहिनीनं तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ही बाई चारचौघींसारखी चिडलेली तिला पहिल्यांदाच दिसत होती, आणि खरं सांगायचं तर ते बघून तिला थोडं बरं वाटलं.

"उद्या डॉक्टरांना सांगते," वहिनी म्हणाली, आणि चिमणी "जाऊ द्या हो आता" म्हणेल म्हणून थांबली.

"सांगा," चिमणी म्हणाली, आणि खाटेचा स्क्रू सैल करायला लागली.

दुसऱ्या दिवशी वहिनी सगळ्यांच्या आधी संस्थेत गेली. नियमावलीत बदल करायचा तर कलम अडतीसप्रमाणे दुरुस्तीपत्र भरावं लागे. ते तिनंच आखलं होतं: कोणतं कलम, काय बदल, कारण. कलम सतराखाली तिनं लिहिलं की ही पद्धत संस्थेत चिमणीनं घालून दिली आहे आणि तसा उल्लेख असावा. कलम एकोणीसमधली दहा वर्षं काढून टाकावीत, नेमणूक नव्यानं व्हावी. मग 'कारण' या शब्दापुढे ती अडली. 'नजरचुकीने' असं लिहिलं. खाडाखोड चालत नव्हती, म्हणून तो कागद फाडून दुसरा घेतला. 'कामाच्या गडबडीत' असं लिहिलं. तोही फाडला. तिसऱ्या कागदावर एकच शब्द लिहिला, खाली सही केली आणि तो डॉक्टरांपुढे नेऊन ठेवला.

डॉक्टरांनी चष्मा सारखा करून वाचलं. कारण: हेवा.

"हे असंच समितीपुढे ठेवायचं?" त्यांनी विचारलं.

"कारण खरं आणि थोडक्यात लिहावं, असं कलमातच आहे."

"थोडक्यात तर आहे."

"खरंही आहे," वहिनी म्हणाली. ड्रॉवरची किल्ली तिनं कागदावर ठेवली आणि दारापर्यंत जाऊन वळली. "आणि अजून गेलेला नाही. तेवढं मात्र समितीत वाचू नका."